बंदूक, काँग्रेस आणि कायद्याची व्याख्या : नॅशनल रायफल असोसिएशनच्या राजकीय प्रभावाचा इतिहास

१९३४ सालच्या वसंतऋतूत वॉशिंग्टन येथे अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या वेज अँड मीन्स समितीपुढे एका विधेयकाची सुनावणी चालू होती. दारूबंदीच्या काळात शिकागोसारख्या शहरांतून टोळीयुद्धांना ऊत आला होता आणि टॉमसन बनावटीची मशीनगन गुन्हेगारांच्या हाती दिसू लागली होती. १९३३ च्या फेब्रुवारीत, राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे हाती घेण्यापूर्वीच, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर मायामी येथे रिव्हॉल्वरमधून गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. रूझवेल्ट बचावले, परंतु त्यांच्या जवळ असलेले शिकागोचे महापौर त्या जखमेने पुढे मरण पावले. या पार्श्वभूमीवर ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्या खात्याने जे विधेयक सिद्ध केले त्यात मशीनगन आणि नळी आखूड केलेल्या बंदुका यांबरोबरच साधी पिस्तुले व रिव्हॉल्वरही अंतर्भूत होती. या सर्व हत्यारांची नोंदणी व्हावी आणि त्यांच्या हस्तांतरावर कर बसावा, अशी योजना होती. मशीनगनची व्याख्या विधेयकात गोळ्यांच्या संख्येवरून केलेली होती : पुन्हा न भरता स्वयंचलित वा अर्धस्वयंचलित रीतीने बारा किंवा अधिक गोळ्या झाडू शकते ते हत्यार मशीनगन समजावे.

या व्याख्येस हरकत घेण्यासाठी समितीपुढे आलेले साक्षीदार म्हणजे कार्ल फ्रेडरिक. ते व्यवसायाने वकील, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील नेमबाजीचे सुवर्णपदकविजेते, आणि त्या वेळी नॅशनल रायफल असोसिएशनचे अध्यक्ष होते. त्यांचे म्हणणे असे की, गोळ्या किती मावतात यावरून मशीनगन ठरत नाही. चाप एकदा ओढला असता एकामागून एक गोळ्या सुटत राहतात की नाही, यावरून ती ठरते. यंत्राच्या दृष्टीने पाहता फ्रेडरिक यांची सूचना रास्तच होती, हे मान्य केले पाहिजे. समितीने ती स्वीकारली. जून १९३४ मध्ये संमत झालेल्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट या कायद्यात ‘चापाच्या एकाच क्रियेने’ हाताने पुन्हा न भरता एकाहून अधिक गोळ्या झाडणारे हत्यार ते मशीनगन, अशा आशयाची व्याख्या आली. चाप दर वेळी नव्याने ओढावी लागणारी बंदूक, मग तीत बारा गोळ्या असोत वा तीस, या व्याख्येबाहेर राहिली. पिस्तूल व रिव्हॉल्वर तर कायद्याच्या कक्षेतून अजिबात वगळण्यात आली. मशीनगनच्या प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर बसला. त्या काळी ती रक्कम टॉमसन मशीनगनच्या किमतीच्या आसपास जाणारी होती.

बंदूकधारकांच्या या संघटनेने अमेरिकन कायदेमंडळावर जो प्रभाव गाजविला त्याचे वर्णन करताना सामान्यतः पैशावर भर देण्यात येतो. पैसा खर्च होत होता यात शंका नाही; २०१६ च्या निवडणुकीत डॉनल्ड ट्रंप यांच्या बाजूने संघटनेने तीन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्च केली. तथापि एखाद्या राजकीय समितीने उमेदवाराला थेट द्यावयाच्या देणगीवर कायद्याने फार तोकडी मर्यादा घातलेली आहे : एका निवडणुकीसाठी ५,००० डॉलर. एवढ्यावर सेनेटरचे मत विकत मिळते असे म्हणणे त्या सेनेटरवर, आणि इतिहासावरही, अन्याय करणारे होईल. संमत झालेल्या कायद्यांची मूळ विधेयकांशी तुलना केली असता निराळेच चित्र दिसते. संघटनेला विधेयक सर्वस्वी पाडता आले तेव्हा तिने ते पाडले. पाडता आले नाही तेव्हा त्यातील एखादी व्याख्या, एखादे क्रियाविशेषण, एखादे क्रियापद बदलून घेतले. बदललेला शब्द मात्र कायद्यात चाळीस, पन्नास, कधी नव्वद वर्षे टिकला.

आरंभी या संघटनेचे राजकारणाशी काहीच नाते नव्हते. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांचा नेम इतका वाईट होता की, त्याची लाज वाटून विल्यम चर्च व जॉर्ज विंगेट या दोघा माजी अधिकाऱ्यांनी १८७१ साली न्यूयॉर्क येथे तिची स्थापना केली. पहिले अध्यक्ष जनरल बर्नसाइड. लाँग आयलंडवर क्रीडमूर येथे न्यूयॉर्क राज्याच्या साहाय्याने चांदमारीचे मैदान तयार झाले, आणि पुढील साठ वर्षे संघटना नेमबाजीच्या स्पर्धा भरवीत राहिली. सरकार हा तिचा प्रतिपक्ष नव्हता, आश्रयदाता होता. १९३४ च्या सुनावणीतही तिची भाषा सौम्य होती. कोणीही उठून हत्यार खिशात घालून हिंडावे हे आपणास मान्य नाही, त्यावर परवान्याचे कडक बंधन असावे, असे फ्रेडरिक यांनी समितीस सांगितले. विधेयक संविधानाच्या विरुद्ध आहे काय, या प्रश्नावर आपण त्या दृष्टीने अभ्यास केलेला नाही, एवढेच त्यांचे उत्तर होते. पुढे ज्या घटनादुरुस्तीच्या नावाने या संघटनेने अर्धशतक लढा दिला, तिचा विचारही तिच्या वकील अध्यक्षांना १९३४ साली सुचला नव्हता.

परंतु त्याच सुनावणीत दुसरी एक गोष्ट घडली, आणि प्रभावाचा खरा उगम तेथे शोधावा लागतो. संघटनेचे कार्यकारी उपाध्यक्ष मिल्टन रेकॉर्ड यांनी ठिकठिकाणच्या नेमबाजांना विधेयकाची माहिती कळविली होती आणि काँग्रेसच्या सदस्यांकडे तारा व पत्रे येऊ लागली होती. या पत्रकांतील मजकूर कितपत यथातथ्य होता, याविषयी समितीने रेकॉर्ड यांची उलटतपासणीही केली. सदस्यांना लोकांच्या पत्रांचे नावीन्य नव्हते. नवे होते ते हे की, पत्र लिहिणारा मनुष्य दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावर पत्र लिहीत नव्हता, आणि या एका प्रश्नावर मत फिरविण्यास तयार होता. उलट बाजूच्या मतदाराला शस्त्रनियंत्रण हवे असे, पण त्याबरोबरच त्याला शाळा, रस्ते आणि स्वस्त धान्यही हवे असे. दहा गोष्टी हव्या असणाऱ्यांच्या बहुमतापेक्षा एकच गोष्ट हवी असणाऱ्यांचे अल्पमत लोकप्रतिनिधीला अधिक भिवविते, हा धडा वॉशिंग्टनने तेव्हा गिरविण्यास सुरुवात केली.

१९६३ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा वध ज्या इटालियन रायफलीने झाला ती टपालाने मागविलेली होती, आणि तिची जाहिरात संघटनेच्याच ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकात प्रसिद्ध झालेली होती. कनेक्टिकटचे सेनेटर टॉमस डॉड हे टपालाने होणाऱ्या पिस्तूलविक्रीविरुद्ध त्यापूर्वीपासूनच विधेयक आणीत होते; वधानंतर त्यांनी त्यात रायफलीही घातल्या. संघटनेचे तत्कालीन कार्यकारी उपाध्यक्ष फ्रँकलिन ऑर्थ यांनी समितीपुढे टपालविक्रीवरील निर्बंधास पाठिंबा दिला. सभासदांना तो मानवला नाही. पत्रांचा ओघ सुरू झाला व विधेयक समितीत पाच वर्षे पडून राहिले. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या तेव्हा कोठे ते पुढे सरकले, आणि तेही नोंदणी व परवाना ही दोन्ही कलमे गाळून. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी कायद्यावर स्वाक्षरी करताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ही उणीव बोलून दाखविली आणि तिचे खापर उघडपणे बंदुकांच्या दबावगटावर फोडले. मेरीलंडचे सेनेटर जोसेफ टायडिंग्ज यांनी नोंदणीचा आग्रह सोडला नव्हता. १९७० च्या निवडणुकीत ते पडले. पराभवाची इतरही कारणे होती, परंतु सेनेटच्या सभागृहात त्यांचे स्मरण एकाच कारणाने राहिले. इतिहासात घडलेल्या गोष्टीपेक्षा घडली असे मानलेली गोष्ट कित्येकदा अधिक कार्य करते.

यानंतरचे वळण संघटनेच्या आत घडले. १९७५ साली तिने कायदेविषयक कार्याकरिता एक स्वतंत्र शाखा काढून हार्लन कार्टर यांच्याकडे सोपविली. पण जुन्या संचालकांचा ओढा शिकार, निसर्गरक्षण व नेमबाजीकडेच होता. वॉशिंग्टनमधील मुख्य कचेरी विकून कोलोराडो स्प्रिंग्ज येथे स्थलांतर करावे आणि न्यू मेक्सिकोत मोठे क्रीडाकेंद्र उभारावे, असा त्यांचा बेत ठरला. १९७६ च्या अखेरीस बऱ्याच कर्मचाऱ्यांना एकाएकी कामावरून कमी करण्यात आले. त्याचा जाब २१ मे १९७७ च्या रात्री सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत विचारला गेला. कार्टर व नील नॉक्स यांच्या पक्षाचे लोक ओळखू यावेत म्हणून शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या घालून आले होते आणि सभागृहाच्या निरनिराळ्या भागांतून बिनतारी यंत्रावर एकमेकांशी संधान ठेवून होते. सभेच्या नियमांचाच आधार घेऊन त्यांनी ठरावामागून ठराव मांडले आणि पहाट होईतो जुने कार्यकारी मंडळ पदच्युत केले. स्थलांतर रद्द झाले. कार्यकारी उपाध्यक्षाची निवड यापुढे सभासदांनीच करावयाची, असा नियम झाला व कार्टर त्या पदावर आले. त्यांच्या कारकीर्दीत, १९८५ पर्यंत, सभासदसंख्या तिपटीच्या आसपास गेली. कोणताही निर्बंध पुढच्या निर्बंधाची पायरी आहे, म्हणून तडजोड करावयाची नाही, हे धोरण येथून सुरू होते. १९८० साली संघटनेने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारास प्रथमच जाहीर पाठिंबा दिला. तो उमेदवार रॉनल्ड रेगन. शाळेतील मुलांना द्यावीत तशी काँग्रेसच्या उमेदवारांना ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी देण्याची प्रथाही याच काळातली. देणगीपेक्षा या एका अक्षराचा धाक ग्रामीण मतदारसंघात अधिक असे.

१९८६ चा फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट हे या नव्या धोरणाचे पहिले मोठे फळ होय. प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीचे अध्यक्ष पीटर रोडिनो यांना हे विधेयक मुळीच मान्य नव्हते आणि ते समितीतून बाहेर येऊ न देण्याचा त्यांचा निश्चय होता. तेव्हा मिझुरीचे हॅरल्ड व्होकमर यांनी सभागृहातील बहुसंख्य सदस्यांच्या सह्या मिळवून ते समितीच्या हातून काढून घेतले. हा मार्ग अमेरिकन काँग्रेसमध्ये क्वचितच सफल होतो. पोलिसांच्या संघटना गणवेशात येऊन विरोध करीत असताही १० एप्रिल १९८६ रोजी विधेयक २९२ विरुद्ध १३० मतांनी संमत झाले. ऐनवेळी न्यू जर्सीचे विल्यम ह्यूज यांच्या उपसूचनेने नव्या मशीनगनच्या खाजगी विक्रीस बंदी झाली, ही संघटनेची एक हार म्हणावी लागेल. परंतु बाकीच्या कायद्यातील शब्द पाहावेत. बंदूकधारकांची नोंदवही ठेवण्यास संघसरकारला मनाई झाली. कित्येक अपराधांच्या व्याख्येत ‘बुद्धिपुरस्सर’ या अर्थाचे क्रियाविशेषण बसविण्यात आले. त्यामुळे विक्रेत्याने नियम मोडला एवढे दाखवून भागेना, तो नियमविरुद्ध वागत असल्याची त्याला जाणीव होती हेही सरकारपक्षाला सिद्ध करावे लागू लागले.

यांहूनही दूरगामी ठरली ती ‘व्यवसाय करणे’ या शब्दप्रयोगाची व्याख्या. परवाना फक्त बंदुकांचा व्यवसाय करणाऱ्याला लागतो. १९८६ च्या कायद्याने सांगितले की, उपजीविका आणि नफा हा प्रमुख हेतू ठेवून वारंवार खरेदी-विक्री करणारा तोच व्यवसायी. अधूनमधून विकणारा, छंद म्हणून विकणारा किंवा आपल्या संग्रहातील हत्यारे विकणारा तो नव्हे. या वाक्यातील ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय कायद्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. नफा होतो, पण उपजीविका दुसऱ्या नोकरीवर चालते, अशा मनुष्याने बाजारात मेज मांडून बंदुका विकल्या तरी तो व्यवसायी आहे असे सिद्ध करणे कठीण होऊन बसले. सात वर्षांनी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, ब्रेडी कायद्याने खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याची अट घातली ती परवानाधारक विक्रेत्यांपुरतीच. ज्याला परवाना लागतच नाही त्याला तपासणीही लागू नाही. बंदुकांच्या प्रदर्शनांतील विक्रीविषयी पुढे जो वाद माजला त्याचे मूळ १९९३ च्या कायद्यातील एखाद्या छिद्रात शोधले जाते. ते वस्तुतः १९८६ च्या व्याख्येत आहे.

१९९४ च्या सप्टेंबरात संमत झालेली ‘हल्ल्याच्या हत्यारां’वरील बंदी हे मात्र शस्त्रनियंत्रणाच्या पुरस्कर्त्यांच्या शब्दयोजनेचे उदाहरण आहे, आणि ते फारसे गौरवास्पद नाही. काही बंदुकांची नावे देऊन झाल्यावर कायद्याने लक्षणांची यादी दिली होती : पिस्तुलासारखी मूठ, दुमडता येणारा दस्ता, संगीन बसविण्याची खोबण इत्यादी. यांपैकी दोन लक्षणे असली की रायफल निषिद्ध. कारखानदारांनी एखादे लक्षण कापून टाकले व तीच बंदूक नव्या नावाने विकली. दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरची बंदी तेवढी अर्थपूर्ण होती. शिवाय हा कायदा दहा वर्षांनी आपोआप संपावयाचा होता, आणि १३ सप्टेंबर २००४ रोजी तो संपला. राजकीय किंमत मात्र लगोलग द्यावी लागली. नोव्हेंबर १९९४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील ५४ जागा गमावल्या. सभापती टॉम फोली स्वतः वॉशिंग्टन राज्यातील आपल्या मतदारसंघात पडले. टेक्ससचे जॅक ब्रूक्स यांची हकिकत अधिक बोलकी आहे. बेचाळीस वर्षे निवडून आलेले हे गृहस्थ बंदुकांचे जुने कैवारी. या बंदीला त्यांचा विरोधच होता. पण ती ज्या गुन्हेप्रतिबंधक विधेयकात गुंतली होती त्याला त्यांनी मत दिले, आणि तेही पडले. यानंतर सुमारे वीस वर्षे डेमोक्रॅटिक नेत्यांना हा विषय नकोसा झाला.

१९९६ साली ज्या शब्दांचा जय झाला ते अर्थसंकल्पाच्या विधेयकात होते. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राच्या साहाय्याने झालेल्या संशोधनातून, घरात बंदूक असली तर त्या घरात मनुष्यवध होण्याचा संभव वाढलेला आढळतो, असे आर्थर केलरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले होते. संघटनेच्या मते हा शास्त्राच्या मिषाने चाललेला प्रचार होता. आर्कन्सॉचे प्रतिनिधी जे डिकी यांनी उपसूचना आणली की, केंद्राला मिळणाऱ्या निधीतील काहीही शस्त्रनियंत्रणाचा ‘पुरस्कार वा प्रसार’ करण्याकडे खर्चू नये. शब्दशः पाहता यात संशोधनास मनाई नाही. पण बंदुकांच्या जखमांवरील संशोधनावर केंद्र जेवढे खर्चीत होते तेवढीच, म्हणजे २६ लाख डॉलरांची, रक्कम त्याच वेळी त्याच्या निधीतून काढून दुसऱ्या कामाकडे वळविण्यात आली. कोणता निष्कर्ष ‘पुरस्कार’ ठरेल हे ठरविणारा कोण, हे कायद्याने सांगितले नव्हते. आणि निष्कर्ष काय निघेल हे संशोधनापूर्वी सांगता येत नाही. सावध अधिकाऱ्याने यातून जो अर्थ काढावयाचा तो काढला व विषयच सोडून दिला. संदिग्ध निषेध हा स्पष्ट निषेधाहून अधिक व्यापक असतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. स्वतः डिकी यांना पुढे याचा पश्चात्ताप झाला. २०१२ साली त्यांनी केंद्राचे माजी अधिकारी मार्क रोझेनबर्ग, म्हणजे आपले जुने प्रतिपक्षी, यांच्यासमवेत लेख लिहून या संशोधनाची गरज प्रतिपादिली. संशोधनास मुभा आहे असा खुलासा २०१८ साली झाला. त्यासाठी पैसा, म्हणजे अडीच कोटी डॉलर, डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झाला. मध्ये तेवीस वर्षे गेली.

संघटनेच्या हाती सर्वांत मोठे शब्दभांडार होते ते अर्थातच संविधानाचे. १७९१ ची दुसरी दुरुस्ती इंग्रजीत सत्तावीस शब्दांची आहे. तिच्या पूर्वार्धात सुव्यवस्थित नागरी सेना स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस आवश्यक असल्याचे म्हटले आहे. उत्तरार्धात शस्त्रे ठेवण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्काचा संकोच होऊ नये, असे म्हटले आहे. १९३९ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वार्धाच्या प्रकाशात उत्तरार्ध वाचला होता. व्हर्जिनियात फेअरफॅक्स येथील संघटनेच्या कचेरीच्या दालनात भिंतीवर मोठ्या अक्षरांत उत्तरार्ध तेवढाच लावलेला होता. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेल्या वॉरन बर्गर यांनी १९९१ साली हा अर्थ लावणे म्हणजे जनतेची फसवणूक होय असे दूरचित्रवाणीवर सांगितले. बर्गर पुराणमताभिमानी होते, हे लक्षात घेतले म्हणजे मत केवढे पालटले होते त्याची कल्पना येते. १९७७ नंतर कायदेविषयक नियतकालिकांतून व्यक्तिगत हक्काचा पुरस्कार करणारे लेख वाढत गेले होते, आणि त्यांतील काही लेखकांस संघटनेचे साहाय्य होते.

२००८ च्या हेलर खटल्यात हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तो उभा करण्याचे श्रेय संघटनेला देता येत नाही. काही स्वतंत्र वकिलांनी तो चालविला, आणि हार होईल या भीतीने संघटना आरंभी त्याला प्रतिकूलच होती. काँग्रेसचा कौल कोठे होता ते मात्र स्पष्ट झाले : व्यक्तिगत हक्काच्या बाजूने न्यायालयात सादर झालेल्या निवेदनावर ५५ सेनेटर व २५० प्रतिनिधी यांच्या सह्या होत्या. दुसऱ्या बाजूने डेनिस बॅरन, रिचर्ड बेली व जेफ्री कॅपलन या तिघा भाषाशास्त्रज्ञांनी निवेदन दिले. त्यांचा मुद्दा मराठी वाचकास सहज पटावा असा आहे. ‘हत्यार बाळगणे’ आणि ‘शस्त्र धरणे’ हे दोन प्रयोग मराठीत समानार्थी नाहीत. पहिल्यात मालकी आहे, दुसऱ्यात युद्ध आहे. आणि एखाद्याने ‘शस्त्र खाली ठेवले’ म्हटल्यावर त्याने ते जमिनीवर ठेवले असे कोणी समजत नाही. अठराव्या शतकातील इंग्रजीत ‘बेअर आर्म्स’ हा असाच सैनिकी वाक्प्रचार होता, असे या तिघांचे म्हणणे. २६ जून २००८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ते नाकारले. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी पूर्वार्ध केवळ प्रास्ताविक ठरविला. आणि ‘विरुद्ध’ या अर्थाचे अव्यय पुढे आले तरच हा वाक्प्रचार निश्चितपणे सैनिकी होतो, एरव्ही त्याचा अर्थ अंगावर शस्त्र बाळगणे असा आहे, असा निर्वाळा दिला. पुढे त्या काळातील ग्रंथ व पत्रे यांचे मोठे शब्दसंग्रह यंत्राने शोधण्याची सोय झाली. बॅरन यांनी त्यांतून या वाक्प्रचाराचे सुमारे दीड हजार प्रयोग तपासले. युद्ध, सैनिकी सेवा वा संघटित सशस्त्र कृती यांच्याशी संबंध नसलेले प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. निकाल लागून तोवर दहा वर्षे झाली होती. कोणत्याही निर्बंधास हा हक्क आड येतो असे स्कॅलिया यांनी म्हटले नव्हते, हेही नमूद करणे अवश्य आहे. शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना बंदी वगैरे जुने नियम त्यांनी कायम मानले.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील न्यूटाऊन येथील शाळेत वीस मुले व सहा मोठी माणसे मारली गेली. खाजगी विक्रीतील बऱ्याचशा व्यवहारांना पार्श्वभूमीची तपासणी लागू करणारी मँचिन-टूमी उपसूचना १७ एप्रिल २०१३ रोजी सेनेटपुढे आली. हे दोघेही सेनेटर संघटनेकडून ‘ए’ श्रेणी मिळविलेले. बाजूने ५४ मते पडली. सेनेटच्या रीतीप्रमाणे ६० हवी होती. लहान राज्यालाही मोठ्याइतकेच दोन सेनेटर देणाऱ्या सभागृहात ग्रामीण बंदूकधारकाचे मत त्याच्या संख्येहून जड भरते, आणि साठ मतांची अट ते आणखी जड करते.

त्यानंतर संघटना स्वतःच्याच कारभारामुळे खिळखिळी झाली. न्यूयॉर्क राज्याने २०२० साली तिच्यावर पैशाच्या अपहाराबद्दल दावा लावला, २०२१ साली तिचा दिवाळखोरीचा अर्ज फेटाळण्यात आला, आणि तीस वर्षांहून अधिक काळ सूत्रे हाती असलेले वेन लापिएर यांनी जानेवारी २०२४ मध्ये पद सोडले. टेक्ससमधील युव्हाल्डी येथे १९ मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्यानंतर २५ जून २०२२ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने १९८६ च्या व्याख्येतील ‘उपजीविका आणि नफा’ ही जोडी काढून ‘मुख्यतः नफा मिळविणे’ एवढेच ठेवले. ‘आणि’ हे अव्यय छत्तीस वर्षांनी कायद्याबाहेर गेले.

१९३४ ची व्याख्या मात्र जागच्या जागी होती. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे हॉटेलच्या खिडकीतून खाली जमलेल्या श्रोत्यांवर झालेल्या गोळीबारात साठ माणसे मेली. मारेकऱ्याच्या रायफलींना ‘बंप स्टॉक’ नावाचा सरकता दस्ता जोडलेला होता. बंदुकीच्या धक्क्यानेच चाप स्थिर बोटावर पुनःपुन्हा आपटत राहतो आणि रायफल जवळजवळ मशीनगनच्या वेगाने चालते. काँग्रेसमध्ये बंदीची विधेयके येऊ लागताच संघटनेने पत्रक काढून, हे काम सरकारी खात्याने नियम करून करावे, असे सुचविले. राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांच्या शासनाने २०१८ च्या डिसेंबरात तसा नियम केला आणि कायदा दुरुस्त करण्याची निकड ओसरली. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नियम रद्द केला. चाप प्रत्येक गोळीमागे पूर्ववत होऊन पुन्हा चालतो, म्हणून ही ‘चापाची एकच क्रिया’ नव्हे, असे न्यायमूर्ती टॉमस यांनी चापाच्या यंत्ररचनेच्या आकृत्या देऊन लिहिले. फ्रेडरिक यांच्या साक्षीला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती. हा शब्द बदलण्याचा अधिकार काँग्रेसला आहे, असे न्यायमूर्ती ॲलिटो यांनी आपल्या पुरवणी निकालपत्रात म्हटले. चार दिवसांनी, १८ जून रोजी, तसे विधेयक सेनेटमध्ये एकमताने संमत करावे अशी विनंती करण्यात आली. नेब्रास्काचे सेनेटर पीट रिकेट्स यांनी हरकत घेतली, आणि एका सदस्याची हरकत पुरेशी असल्याने सभागृह पुढील कामाकडे वळले.